घराचं छप्पर बदलायचंय, खर्च किती धरावा?

दिवाळी आटोपली की आमच्या चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पावसात गळलेलं छप्पर आता सुकलंय, पुढच्या पावसाआधी काही महिने हाताशी आहेत आणि मिस्त्र्यांनी सांगितलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. या महिन्यातली तीन पत्रं निवडली आहेत. पहिलं पत्र मापांसकट आलंय, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे. उत्तरांतले दर हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचा दर विचारून तिथे घाला.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, बाहेरून ४० फूट लांब आणि २८ फूट रुंद, दुपाखी छप्पर, वर मंगलोरी कौलं. मी डोंबिवलीला असतो, गावी आई एकटी राहते. गेल्या पावसात माजघरात गळलं आणि पडवीकडच्या दोन वाशांना वाळवी लागलेली दिसली. तिघांना विचारलं. पहिला म्हणतो, लाकूड काढून लोखंडी पाइपवर कौलं चढवून देतो, उक्ते ३ लाख ८० हजार. दुसरा म्हणतो, २६० रुपये चौरस फूट. तिसऱ्याने ६ लाख १० हजारांचं कोटेशन दिलंय. खरं कोणाचं मानायचं? मी माळ्यावर चढून मोजलं. भिंतीच्या माथ्यापासून आढं, म्हणजे छपराचा सगळ्यांत वरचा आडवा वासा, साडेसात फूट वर आहे. छप्पर चारही बाजूंना भिंतीबाहेर अडीच फूट येतं. एका पाख्यावर कौलांच्या १८ ओळी आहेत, एका ओळीत ६६ कौलं. भाऊ म्हणतो, कौलं सोड, पत्रा घालू. आईला मात्र कौलंच हवी आहेत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुम्ही माळ्यावर चढून टेप लावलीत, ओळी मोजल्यात, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. या मापांवर सगळा हिशेब उभा राहतो. तिघांपैकी कोणी छपरावर टेप लावली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या दोघांच्या आकड्यांवरून तरी तसं वाटत नाही.

आधी क्षेत्रफळ काढू. घर ४० बाय २८, म्हणजे १,१२० चौरस फूट. छप्पर मात्र भिंतीबाहेर सगळीकडे अडीच फूट येतं, त्यामुळे वरून पाहिलं तर ते ४५ बाय ३३, म्हणजे १,४८५ चौरस फूट. त्यात ते उतरतं आहे. भिंतीच्या माथ्यापासून १४ फूट आडवं जाईपर्यंत ते साडेसात फूट चढतं. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो: १४ चा वर्ग १९६, साडेसातचा ५६.२५, बेरीज २५२.२५, वर्गमूळ जवळजवळ १५.९. म्हणजे जमिनीवरच्या १४ फुटांमागे छपरावर १५.९ फूट, तेरा-साडेतेरा टक्के जास्त. १,४८५ वर ही वाढ धरली की साधारण १,६८५ चौरस फूट होतात. मी १,६९० धरते.

आता दुसऱ्या मिस्त्रीचे २६० रुपये घ्या. ते घराच्या १,१२० फुटांवर लावले तर २ लाख ९१ हजार होतात आणि छपराच्या १,६९० फुटांवर लावले तर ४ लाख ३९ हजार. एकाच दरात दीड लाखाचा फरक. काम सुरू होईपर्यंत याबद्दल कोणी बोलत नाही, बिल करताना बोलतात. म्हणून त्याला आजच विचारा, चौरस फूट कुठले? जमिनीचे, वळचणीपर्यंतचे की उतारावरचे? उत्तर कागदावर लिहून घ्या.

तुमचं छप्पर दुपाखी आहे, पण हे वाचणाऱ्यांत चौपाखी घरं असणारे बरेच असतील. चढ सगळीकडे सारखा असेल तर चौपाखी छपराचं क्षेत्रफळ दुपाखीइतकंच भरतं. खर्च वाढतो तो कोपऱ्यांवर. याच मापाच्या दुपाखी घराला आढ्यावरची मोठी कौलं ४५ फूट लागतील. चौपाखी केलं तर आढं १२ फूट उरतं, पण कोपऱ्यांकडे तिरके उतरणारे चार कोनवासे प्रत्येकी २५ फुटांचे, म्हणजे एकूण ११२ फूट. शिवाय त्या चारही रेषांवर प्रत्येक कौल तिरकं कापावं लागतं, तुटफूट वाढते आणि सुताराचे दिवसही वाढतात.

कौलं किती लागतील हे तर तुमच्या पत्रातच आहे. १८ ओळी गुणिले ६६, म्हणजे एका पाख्यावर १,१८८ आणि दोन्ही पाख्यांवर २,३७६. आमच्याकडे शंभर चौरस फुटांना तुटफूट धरून दीडशे मंगलोरी कौलं धरतात, त्या हिशेबानेही आकडा अडीच हजारांच्या आसपास येतो. दोन वाटांनी सारखं उत्तर आलं की निर्धास्त व्हायला हरकत नाही.

पण सगळी कौलं नवी घ्यायची गरज नाही. जुनं कौल हातावर तोलून धरा आणि बोटाच्या पेराने किंवा लहान दगडाने त्यावर टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ते अजून कित्येक पावसाळे काढील. बद्द वाजलं तर आत बारीक चीर आहे, ते बाजूला काढा. काळं पडलेलं, शेवाळ धरलेलं कौल वाईट असतंच असं नाही, ते घासून धुतलं की मग आवाज ऐका. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्याने ही कौलं आपल्याकडे आली. जुन्या घरांवर कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव आणि छाप अजून स्पष्ट वाचता येतात. अशी कौलं चिरा फोडल्यासारखी अंगणात टाकून देताना पाहिली की मला फार वाईट वाटतं.

जुनी आणि नवी कौलं एकाच पाख्यावर मिसळू नका. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, एकाची खाच दुसऱ्यात नीट बसत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं. उतरवलेल्या कौलांतून १,५०० चांगली निघाली असं धरू. त्यांतली १,१८८ एका पाख्यावर चढवा, उरलेली पुढच्या दुरुस्तीसाठी गोठ्यामागे रचून ठेवा. दुसऱ्या पाख्यासाठी तुटफूट धरून १,२५० नवी आणा. नवी कौलं पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैऋत्येकडे तोंड असलेल्या पाख्यावर घाला.

लोखंडाचा खर्च सगळ्यांत मोठा आणि फसगतही तिथेच होते. मंगलोरी कौलं रिपांसकट, म्हणजे ती ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांसकट, चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतात, इमारतींवरच्या भाराच्या आयएस ८७५ या भारतीय मानकातही तेवढंच वजन दिलेलं आहे. तुमचं छप्पर १५७ चौरस मीटर, म्हणजे दहा टनांहून थोडं जास्त वजन या सांगाड्यावर आणि त्याखालच्या भिंतींवर कायम राहणार. सांगाड्याला किती किलो लोखंड लागेल ते इंजिनिअरने आखणी करूनच सांगावं, मी इथे २,५०० किलो धरते. फॅब्रिकेशन, उभारणी, रेड ऑक्साइड आणि रंगाचे दोन हात धरून ११० रुपये किलो लावले तर २ लाख ७५ हजार होतात.

किलोवर पैसे द्या, फुटावर देऊ नका. का ते एकट्या रिपांच्या हिशेबावरून कळेल. दोन्ही पाख्यांवर मिळून रिपांच्या ३८ ओळी लागतात, प्रत्येक ४५ फूट, म्हणजे १,७१० फूट, जवळपास ५२१ मीटर. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला १.२ किलोच्या आसपास भरतो, एकूण ६२० किलो. तोच पाइप १.२ जाडीचा घेतला तर मीटरला ९०० ग्रॅम, एकूण ४७० किलो. रंग लावल्यावर दोन्ही पाइप सारखेच दिसतात. पण त्यात दीडशे किलो लोखंड कमी गेलेलं असतं, म्हणजे साडेसोळा हजार रुपये. त्याहून मोठं नुकसान पुढे कळतं: आपल्या दमट हवेत पातळ पाइप आतून लवकर खातो. पाइप घेऊन येणारी गाडी वजनकाट्यावर नेऊन चिठ्ठी घ्या. कापलेल्या तोंडाशी जाडी कॅलिपरने मोजा. आणि पाइपांची उघडी तोंडं बंद करून वेल्ड करायला सांगा.

आता बाकीची कामं. छप्पर उतरवणं, कौलं खाली देणं, निवडून रचणं: सहा माणसं, चार दिवस, ८०० रुपये रोज, म्हणजे १९,२००. नवी १,२५० कौलं ४५ रुपयांनी ५६,२५०. वाहतूक आणि हमाली १५,०००. इथे एक बघा, गाडी दारापर्यंत येते का? आपल्याकडची कितीतरी घरं पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली असतात, ट्रक रस्त्यावरच थांबतो. तिथून तीन टनांवर कौलं डोक्यावरून न्यायची तर हमाली वाहतुकीच्या बरोबरीने होते. कौलं बसवण्याची मजुरी १,६९० फुटांना २० रुपयांनी ३३,८००. आढ्याचं काम, कौलं आणि माल धरून, ४५ फुटांना १५० रुपयांनी ६,७५०. दोन्ही वळचणींना पन्हळ, ९० फूट, २५० रुपयांनी २२,५००.

तीन ठिकाणी कोटेशन मागितलं की निदान दोन ठिकाणी विसरलं जातं असं एक काम आहे, ते भिंतीच्या माथ्याचं. जांभ्याची जुनी भिंत वरच्या एक-दोन थरांत सैल झालेली असते, मातीचा माल निघून गेलेला असतो. त्यावर लोखंडी सांगाडा तसाच टेकवला तर वजन थोड्याच चिऱ्यांवर येतं आणि वाऱ्यात सांगाडा धरून ठेवायला खाली काही घट्ट राहत नाही. चारही भिंतींवर सळया घालून काँक्रीटचा पट्टा ओता, त्यातून बोल्ट वर काढा आणि सांगाडा त्यांना आवळा. तुमच्या घराचा घेर १३६ फूट. फुटाला ३५० धरले तर ४७,६०० होतात. वायरिंग काढणं-घालणं, ताडपत्र्या, सामान हलवणं यांना १२,००० ठेवा.

सगळं मिळून ४ लाख ८८ हजार १०० झाले. त्यावर दहा टक्के वरखर्च धरा: ५ लाख ३७ हजार.

आता तिघांकडे पुन्हा बघा. तिसऱ्याचे ६ लाख १० हजार ऐकून तुम्ही दचकला असाल. पण माझ्या हिशेबात निम्म्याऐवजी सगळी कौलं नवी धरली तर बेरीज ६ लाखांवर जाते. त्याने बहुधा तेच केलंय. जुनी कौलं वापरायची म्हटल्यावर किती कमी करतोस, असं त्याला सरळ विचारा. तिघांत प्रामाणिक कोटेशन कदाचित त्याचंच असेल. पहिल्याचे ३ लाख ८० हजार १,६९० फुटांनी भागले तर फुटाला २२५ रुपये येतात. त्यात पट्टा, पन्हळ आणि नवी कौलं आहेत का? नसतील तर ती कामं सुरू झाल्यावर 'जादा' म्हणून येतील आणि तेव्हा छप्पर उघडं असल्यामुळे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करा. तिघांनीही लाकूड काढायचं गृहीत धरलंय आणि तुम्ही फक्त दोन वाशांची वाळवी पाहिली आहे. बाकीचे वासे कसे आहेत? एका सुताराला घेऊन दोन्ही बाजूंच्या वळचणीकडच्या दोन ओळींची कौलं उतरवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. वासा भिंतीवर टेकतो तिथे पेचकस टोचा. बहुतेक वासे मधे ठणठणीत असतात, ओल धरते ती या टोकाला. पेचकस दाबूनही आत जात नसेल तर वाशाला हात लावू नका. अर्धा इंच सहज रुतला तर टोक गेलं. ते कापून जोड देता येतो का ते सुताराला पाहू द्या. वाळवीची मातीची नळी दिसली तर खरवडून बघा, आत ओल आणि किडे आहेत की ती जुनी, कोरडी पडलेली आहे. प्रत्येक वाशावर खडूने खूण करत जा: बरा, जोड, बाद.

दीड फुटावर वासा धरला तर तुमच्या दोन्ही पाख्यांवर मिळून ६२ वासे असतील. त्यांतले १४ बाद निघाले असं समजू. २ बाय ४ इंचाचा १९ फुटी वासा एक घनफुटाहून जरा जास्त भरतो, म्हणजे वाशांना १५ घनफूट. रिपा सगळ्या नव्या घाला, २ बाय १ इंचाच्या १,७१० फूट रिपा म्हणजे २४ घनफूट. एकूण ३९ घनफूट लाकूड, ऐन किंवा किंजळ, २,२०० रुपयांनी ८५,८००. सुतारकाम आणि वाळवीचं औषध ४५,०००. काँक्रीटच्या पट्ट्याऐवजी माथ्याची डागडुजी आणि वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधणं, १५,०००. बाकी सगळं वरच्यासारखं. बेरीज ३ लाख ११ हजार. लाकूड उघडलं की आणखी थोडं निघतं, म्हणून इथे वरखर्च पंधरा टक्के धरा. तरी ३ लाख ५८ हजारांत बसतं, म्हणजे पहिल्याच्या उक्त्या कामापेक्षा कमी, आणि त्यात पन्हळ आणि नवं पाखंही आलं.

वासे खरोखरच निम्म्याहून जास्त गेले असतील तर मात्र लोखंड करा, त्याला माझा विरोध नाही. तेव्हा जुन्या लाकडाचं काय करायचं तेही आधी ठरवा. 'जुनं सामान आम्ही उचलून नेतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या वाशांत आणि तुळयांत साग असेल तर त्याची किंमत आहे. घनफूट मोजा, भाव करा आणि ती रक्कम बिलातून वजा करून घ्या.

आता भावाचा पत्रा. अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा चौरस मीटरला पाच किलोच्या आतबाहेर असतो, म्हणून सांगाडा हलका लागतो आणि खर्च बराच उतरतो. भावाचं म्हणणं पैशाच्या दृष्टीने चुकीचं नाही. पण खाली लाकडी माळा नसलेल्या खोल्यांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बसवत नाही आणि आषाढातल्या पावसात बोललेलं ऐकू येत नाही. त्यात तुमच्या आई दिवसभर त्या घरात एकट्या असतात. कौल फुटलं तर वाडीतला कोणीही मुलगा शिडी लावून एक कौल बदलून जातो. पत्रा फाटला तर तालुक्याहून माणूस यायची वाट बघत बसावं लागतं. आईंचं म्हणणं अनुभवाचं आहे. पैसे अगदीच कमी पडत असतील तर मागची पडवी आणि न्हाणी पत्र्याची करा, मुख्य घरावर कौलं राहू द्या.

प्रश्न: आमचं अलिबाग तालुक्यात समुद्राजवळ लहान घर आहे, २४ बाय १८ फूट, एकपाखी, वर जुने सिमेंटचे पत्रे. दोन पत्र्यांना तडे गेलेत. मुलगा म्हणतो, सुट्टीत मित्रांना घेऊन फोडून काढतो, तेवढीच मजुरी वाचेल. नवीन रंगीत पत्र्याला किती खर्च येईल? (एक वाचक भगिनी, अलिबाग तालुका)

उत्तर: ताई, मुलाला पत्रे फोडू देऊ नका, एवढं आधी सांगते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अख्खा असतो तोवर त्याचे तंतू सिमेंटमध्ये धरलेले राहतात. फोडला, करवतीने किंवा ग्राइंडरने कापला, की ते हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वर्षानुवर्षांनी बाहेर पडतो. पत्रे आधी पाण्याने चिंब भिजवा. गंजलेल्या हुकांचे नट पान्याने सैल होत नसतील तर हुक कटरने तोडा. पत्रा अख्खाच खाली द्या. काम करणाऱ्यांनी साधा रुमाल न बांधता चांगला मास्क लावावा आणि त्यानंतर आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. शिवाय या पत्र्यांवर कधीही पाय देऊ नये, ते कडकन मोडतात आणि माणूस आत पडतो. काढलेले पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यावर घालू नका, विहिरीच्या कडेला फोडून टाकू नका. ताडपत्रीत गुंडाळून ठेवा आणि विल्हेवाटीचं ग्रामपंचायतीत विचारा. या कामाला अनुभवी माणसांची मजुरी मोजावी लागली तरी मोजा.

खर्चाचं म्हणाल तर रंगीत पत्रा विकत घेताना घराच्या चौरस फुटांवर हिशेब करू नका, पत्र्यांच्या नगावर करा. हा पत्रा जेमतेम साडेतीन फूट रुंद असतो, पण एकावर एक चढवल्यावर प्रत्यक्षात एक मीटर रुंदीच झाकतो. तुम्ही दोन्ही बाजूंना दीड फूट बाहेर काढलात तर लांबी २७ फूट होते, ८.२३ मीटर. म्हणजे नऊ पत्रे लागणार आणि नववा बराचसा वाया जाणार. बाहेरचं एक-एक फूट ठेवलंत तर २६ फूट, ७.९२ मीटर. आठ पत्र्यांत काम होतं. घराची १८ फूट रुंदी, वळचण आणि उतार धरून साडेएकवीस फुटांचा एक आख्खा पत्रा वाचला. तेवढ्या लांबीचे पत्रे मधे जोड न देता एकसंध मिळतात, तेच घ्या. फक्त तुमच्या गल्लीत तेवढा लांब टेम्पो वळतो का ते आधी बघा.

समुद्राजवळ पत्र्याआधी स्क्रू गंजतात. ॲल्युमिनियम-झिंकचा लेप असलेला पत्रा घेऊन त्यावर हलके स्क्रू मारले तर दोन-तीन पावसाळ्यांत प्रत्येक स्क्रूभोवती तांबडा ओघळ दिसतो आणि तिथूनच गळती सुरू होते. चांगल्या लेपाचे, रबरी वॉशरचे स्क्रू घ्या. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ मारायला सांगा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं तेव्हाचे पत्रे तुमच्याकडे कोणी विसरलेलं नसेल. पत्रा सांगाड्याला पक्का, पण सांगाडा भिंतीला नुसता टेकवलेला असला तर सांगाड्यासकट छप्पर जातं. बोल्टांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, तिथे काटकसर नको.

त्या वादळानंतर काही वाचकांनी विम्याबद्दल विचारलं होतं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची घराची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळ, वीज, पूर त्यात येतात. जुनं झालेलं छप्पर झिजून गळलं तर मात्र त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून नवं छप्पर झाल्यावर बिलं आणि फोटो जपून ठेवा.

प्रश्न: आमच्या फॅब्रिकेटरला निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ हवे आहेत. 'लोखंडाचा भाव वाढतोय, आत्ताच माल उचलू' म्हणतो. काम मे महिन्यात करू म्हणतो. काय करू? (एक वाचक, लांजा)

उत्तर: मालासाठी पैसे लागतात, हे त्याचं म्हणणं खरं आहे. तसं असेल तर मालाचे पैसे दुकानदाराला तुम्ही स्वतः द्या, बिल तुमच्या नावाने घ्या आणि माल तुमच्या अंगणात उतरवा. त्याच्या मजुरीपैकी थोडी रक्कम काम ठरवताना, थोडी सांगाडा उभा राहिल्यावर, थोडी छप्पर पूर्ण झाल्यावर द्या. दहा टक्के राखून ठेवा आणि ते पहिल्या मोठ्या पावसानंतर द्या. हे सगळं आधीच कागदावर लिहा. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय की वगळलाय तेही लिहून घ्या. 'ते नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

मे महिन्याला मात्र कबूल होऊ नका. तेव्हा मुंबईकर गावी आलेले असतात, सगळ्यांनाच पावसाआधी काम उरकायचं असतं, मजुरी चढते आणि एखादा वळीव आला की उघड्या घरात पाणी. शिमग्याच्या दिवसांत माणसं पालखीला जातात, तेव्हाही काम बंदच असतं आणि असायलाच हवं. तुम्हाला शिमग्याच्या आधीचे दिवस गाठायचे आहेत. पौष संपता संपता कौलं उतरवायला घ्या, माल त्याआधी अंगणात हवा. फॅब्रिकेटरला तेव्हा वेळ नसेल तर दुसऱ्याकडे जा. लांज्यात हे काम करणारे बरेच आहेत आणि तिघांना तरी एकाच मापांचा कागद देऊन दर मागा, म्हणजे तुलना करता येईल.